सेंटर डिफरेंशियल लॉक लागत नाही किंवा लागलेला सुटत नाही : जुन्या डिस्कव्हरीतील नेहमीची तक्रार आणि तिचे निवारण

जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरीला सेंटर डिफरेंशियल लॉकची, म्हणजे पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गतीने फिरवणाऱ्या लॉकची, जोडणी बसवून घेतली की पहिला पावसाळा सरता सरता एक ठरावीक तक्रार कानावर येते. लिव्हर ओढला तरी डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही. किंवा दिवा लागतो, पण चिखलात पुढची दोन्ही चाके उभी राहतात आणि मागचे एक चाक नुसते फिरत राहते. किंवा डांबरी रस्त्यावर आल्यावर लिव्हर मूळ जागी आणला तरी दिवा विझत नाही आणि वळणावर गाडी अडून धरल्यासारखी चालते. कारागीर खाली शिरून नट-बोल्ट सैल-घट्ट करतो, काही आठवडे बरे जातात आणि तीच तक्रार पुन्हा उभी राहते. शेवटी कोणीतरी ट्रान्स्फर बॉक्स, म्हणजे इंजिनची ओढ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, उघडण्याचा सल्ला देतो आणि मालक मोठ्या खर्चाच्या धास्तीने गाडी तशीच वापरत राहतो.

बॉक्स उघडण्याची वेळ फार थोड्या गाड्यांवर येते, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष बहुतेक वेळा बॉक्सच्या बाहेरच्या जोडणीत असतो, आणि तो वारंवार परतण्याचे कारण असे की जोडणी लिव्हरच्या बाजूने जुळवली जाते आणि लॉक लागल्याची खात्री दिव्यावरून केली जाते. ही दोन्ही कामे उलट्या दिशेने व्हायला हवीत. जुळवणी बॉक्सपासून सुरू करून लिव्हरपर्यंत यावी, आणि खात्री चाक फिरवून करावी. पुढचे सारे विवेचन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

प्रथम गाडीबद्दल. गोव्यात चारचाकी ओढीच्या जुन्या गाड्यांमध्ये जिप्सी, महिंद्राच्या जीप आणि थार यांचीच संख्या मोठी आहे. या गाड्यांना सेंटर डिफरेंशियल मुळातच नसते. चारचाकी ओढ घातली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलकडे ओढ नेणारे दांडे, एकमेकांना थेट जोडले जातात. म्हणून ‘माझ्या जिप्सीला सेंटर लॉक बसवून द्या’ या मागणीला अर्थ उरत नाही, कारण फोर व्हील घातल्यावर ती गाडी लॉक झालेलीच असते. ज्या गाडीची चारही चाके कायम ओढतात, तिलाच मधल्या डिफरेंशियलची आणि पर्यायाने त्याच्या लॉकची गरज भासते. भारतात २००९ साली आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरला असा लॉक कारखान्यातूनच मिळत असे आणि तिच्या ट्रान्स्फर लिव्हरवर त्यासाठी वेगळी जागा होती. दुसऱ्या पिढीच्या डिस्कव्हरीची, म्हणजे १९९८ ते २००४ या काळात बनलेल्या गाडीची, गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यात एलटी २३० हाच जुना, भक्कम ट्रान्स्फर बॉक्स आहे. पण इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल आल्यावर लॉकची आता गरज नाही असे ठरवून कारखान्याने लिव्हरपासूनची जोडणीच दिली नाही. सुरुवातीच्या गाड्यांत लॉकचे आतले भाग तसेच राहिले, २००१ च्या सुमारास तेही काढून टाकले गेले, आणि २००४ च्या मॉडेलमध्ये लॉक लिव्हरसह परत आला.

ट्रॅक्शन कंट्रोल असताना लॉक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्शन कंट्रोल काम सुरू करते ते चाक घसरून फिरू लागल्यानंतर. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ते ओढ दुसरीकडे वळवते. कोरड्या खडकाळ चढावर हे पुरते. गोव्याच्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यात जून-जुलैमध्ये जांभ्याच्या लाल मातीचा ओला चढ चढताना मात्र चाक एकदा फिरले की वरचा थर साबणासारखा गुळगुळीत होतो आणि चाक स्वतःचाच खड्डा खणते. तोपर्यंत ब्रेक लागून उपयोग नसतो. लॉक लावलेला असेल तर पुढचा आणि मागचा ॲक्सल सुरुवातीपासून एकाच गतीने फिरतो आणि चाक फिरण्याचा तो पहिला क्षणच बहुधा टळतो. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांमधला फरक लॉक मिटवत नाही, ते काम ट्रॅक्शन कंट्रोलनेच करायचे असते. त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, आणि हा खर्च वाया जात नाही.

बॉक्सच्या आत काय घडते हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय दोष शोधता येत नाही. मधले डिफरेंशियल पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या गतीने फिरू देते. पुढच्या आउटपुट शाफ्टवर आतून दाते असलेली एक स्लीव्ह सरकते. ती मागे सरकून डिफरेंशियलच्या केसवरच्या दात्यांत बसली की केस आणि पुढचा शाफ्ट एक होतात आणि डिफरेंशियलला काही करायला जागा उरत नाही. स्लीव्हला सरकवणारा फोर्क एका छोट्या फिरत्या खुंटीने हलतो, आणि ती खुंटी बॉक्सच्या पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हौसिंगमधून बाहेर येते. दोन्ही टोकांच्या जागा एक स्प्रिंग आणि गोळी मिळून पकडून ठेवतात. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की दाते दात्यांसमोर नसतील तर कितीही जोर लावला तरी स्लीव्ह आत जाणार नाही, आणि दात्यांवर पीळ असेल तर ती बाहेरही येणार नाही. ‘लागत नाही’ आणि ‘सुटत नाही’ या दोन्ही तक्रारींचा निम्मा भाग एवढ्यातच उलगडतो, आणि त्यासाठी कोणतीही दुरुस्ती लागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या वर, हौसिंगवर, दोन बाजू सपाट केलेली ती खुंटी आहे का ते टॉर्च घेऊन पाहावे. खुंटी नसेल तर आतले भागही नाहीत असे धरून चालावे. मग स्लीव्ह आणि फोर्कसह संपूर्ण पुढचे हौसिंग मिळवून बदलावे लागते; तेल काढणे, प्रोपेलर शाफ्ट उतरवणे, सील नवे घालणे हे सर्व त्यात आले, आणि ते काम अशा बॉक्सची सवय असलेल्या माणसाकडेच द्यावे. हा बॉक्स सुमारे २.३ लिटर तेल घेतो, तेव्हा तेल उतरवलेच असेल तर जुने परत ओतू नये.

खुंटी असेल पण हलत नसेल, तर घाई करू नये. जी खुंटी गाडी कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही फिरलेली नाही, ती वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि समुद्राची खारी हवा असलेल्या प्रदेशात घट्ट बसलेली असणारच. तिच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी पान्याने केसभर पुढे-मागे हलवून पुन्हा तेल सोडावे. हे दोन-चार दिवस करावे लागले तरी हरकत नाही. हातोडी मारली तर हौसिंगला तडा जाऊ शकतो, आणि ज्योतीने तापवले तर खुंटीभोवतीचे रबरी रिंग जळून तेथून तेल पाझरू लागते.

चाकावरून खात्री

लॉक खरोखर लागला आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत या गाडीच्या एका वैशिष्ट्यावर उभी आहे. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत नाही. ट्रान्स्फर बॉक्सच्या मागच्या आउटपुटवर एक ड्रम आहे, तो धरला जातो. म्हणजे हँडब्रेक ओढला की मागचा प्रोपेलर शाफ्ट थांबतो, आणि सेंटर डिफरेंशियल मोकळे असेल तर पुढचा शाफ्ट फिरू शकतो.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. हँडब्रेक ओढावा. पुढचे एकच चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली स्टँड ठेवावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’वर ठेवून ही चाचणी केली तर लॉक मोकळा असतानाही चाक फिरत नाही आणि निष्कर्ष साफ चुकतो, म्हणून तो ‘एन’वरच हवा. आता उचललेले चाक हाताने फिरवावे. थोडा जोर लावावा लागतो, पण चाक फिरत राहिले तर लॉक मोकळा आहे. थोडीशी ढिलाई संपून चाक अडले तर लॉक लागलेला आहे. मागच्या सीलमधून पाझरलेल्या तेलाने हँडब्रेकचा ड्रम भिजलेला असेल तर लॉक लागूनही चाक घसरत फिरेल, तेव्हा हँडब्रेक पक्का धरतो याची खात्री आधी करून घ्यावी.

हे वैशिष्ट्य पंक्चर काढतानाही ध्यानात ठेवावे. मागचे एक चाक उचलले आणि लॉक मोकळा असला, तर ओढलेला हँडब्रेक या गाडीला धरून ठेवू शकत नाही, कारण मागचे डिफरेंशियल उचललेल्या चाकाला फिरू देते आणि गाडी जॅकवरून सरकते. चोर्ला घाटाच्या उतारावर असे घडणे जिवावर बेतेल. जॅक लावण्यापूर्वी लॉक लावावा आणि ठोकळ्यांशिवाय गाडी उचलूच नये.

जुळवणी

बाजारात दोन प्रकारची जोडणी मिळते. एकात ट्रान्स्फरचा लिव्हरच बदलून त्याला आडवी हालचाल दिली जाते आणि ती सळीने खुंटीपर्यंत पोहोचवली जाते. दुसऱ्यात वेगळ्या मुठीपासून केबल येते. माझी पसंती सळीला आहे, कारण सळीचा दोष डोळ्यांना दिसतो आणि केबलचा तिच्या आवरणात लपून राहतो. पण जुळवणीचे तत्त्व दोन्हींत तेच.

जोडणी खुंटीपासून सोडवावी आणि लिव्हरला काही काळ विसरावे. एकाने उचललेले पुढचे चाक सावकाश पुढे-मागे फिरवत राहावे आणि दुसऱ्याने पान्याने खुंटीवर हलका दाब ठेवावा; दाते समोरासमोर आले की पान्याला लागणारा विरोध एकदम संपून स्लीव्ह खटकन आत बसल्याचे हाताला कळते. चाक अडते हे पाहून खुंटीच्या या जागेची खूण हौसिंगवर रंगाने करावी. मग तसेच उलट करून मोकळ्या जागेची खूण करावी. या दोन खुणांमधली हालचाल ही खरी हालचाल. लिव्हरने ती पूर्ण दिली पाहिजे आणि त्याहून किंचित जास्त द्यायची क्षमता राखली पाहिजे.

आता खुंटी लॉकच्या खुणेवर ठेवून सळीची किंवा केबलची लांबी अशी बसवावी की लिव्हर आपल्या वाटेच्या अगदी टोकाला टेकणार नाही, दोन-तीन मिलिमीटर जागा शिल्लक राहील. मोकळ्या खुणेवरही तेवढीच जागा राहते का ते पाहावे. टोकाची जागा बॉक्समधल्या गोळीने ठरवायची आहे. लिव्हर आधी अडला तर स्लीव्ह अर्ध्यावर राहते.

सत्तरीतील एका बागायतदाराच्या गाडीत नेमके हेच झालेले पाहिले. लिव्हर दोन्ही बाजूंना झकास बसत होता, दिवाही वेळेवर लागत होता, आणि तरी चढावर जोर दिला की खालून ‘कर्रर्’ असा आवाज येऊन लॉक सुटत होता. चाक उचलून फिरवले तेव्हा ते कधी अडे, कधी सुटे. खाली पाहिले तर लिव्हरची खालची पट्टी बोगद्याच्या, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याच्या, पत्र्याला टेकून तेथे चकचकीत ओरखडा उमटला होता, आणि खुंटी खऱ्या लॉकच्या जागेपासून बरीच अलीकडे थांबत होती. आधीच्या कारागिराने दिवा लागावा म्हणून स्विच जास्त आत पिळला होता, त्यामुळे दाते टोकांवरच धरले असतानाही दिवा लॉक लागल्याचे सांगत होता. सळीच्या टोकावरचे आटे काही फेरे फिरवून लांबी दुरुस्त केली आणि पत्र्याची कड थोडी वळवली, एवढ्याने आवाज थांबला. ही स्थिती आणखी काही महिने चालली असती तर दात्यांच्या कडा गोल होऊन बॉक्स उघडावाच लागला असता.

गाडी उभी असताना जुळवलेली लांबी जोर पडल्यावर बदलू शकते, कारण इंजिन आणि बॉक्स रबरी माउंटिंगवर हलतात आणि लिव्हर बॉडीला धरलेला असेल तर त्या दोघांत अंतर पडते. म्हणून एकाने ब्रेक दाबून, गिअर घालून इंजिनला अगदी थोडा जोर द्यावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून, गाडीच्या समोर किंवा खाली न जाता, लिव्हर किती सरकतो ते पाहावे. लिव्हर ठळकपणे हलत असेल तर माउंटिंगचे रबर गेलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय कोणतीही जुळवणी टिकणार नाही.

केबल असेल तर ती सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, मोठ्या वळणाने न्यावी. खालचे टोक वर तोंड करून राहिले तर त्यात चिखलाचे पाणी साठते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती माती आत विटेसारखी कडक होते. टोक खालच्या बाजूला झुकलेले आणि त्यावर रबरी टोपी असलेली बरी.

दिवा

दिव्याचा स्विच सर्वांत शेवटी जुळवावा. लॉक लागल्याचे चाकावरून पटले की इग्निशन चालू करून स्विचचा लॉकनट सैल करावा, दिवा लागेपर्यंत स्विच आत फिरवावा, त्यानंतर आणखी अर्धा फेरा देऊन लॉकनट घट्ट करावा. लॉक सोडल्यावर दिवा विझला पाहिजे. स्विच बाहेर काढून त्याचे टोक दाबल्यावर मल्टिमीटरवर जोडणी दिसत नसेल तर स्विच गेला आहे. दिसत असेल आणि दिवा तरीही लागत नसेल तर कनेक्टरमधली हिरवी बुरशी आणि अर्थिंग पाहावे. आपल्याकडे स्विचपेक्षा कनेक्टरच आधी जातो.

लॉक सुटत नसेल तर

लॉक लावून गाडी वळली की पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांब वाट कापतात. मातीत चाक किंचित घसरून तो फरक फेडून टाकते. डांबरावर घसरत नाही, आणि तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये साठतो. अशा वेळी लिव्हरला झटके देऊ नयेत. लिव्हर मोकळ्या बाजूला हलकेच धरून गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, मग पुढे. पीळ उतरला की दिवा आपोआप विझतो. हे कच्च्या कडेवर करता आले तर अधिक चांगले.

गाडी सरळ चालवूनही पीळ साठत असेल तर टायर पाहावेत. पुढच्या टायरवर नवी नक्षी आणि मागच्यावर ६ मिलिमीटर झिजलेली, असे असेल तर चाकाच्या एका फेरीत सुमारे ३८ मिलिमीटरचा फरक पडतो. या गाडीच्या २३५/७० आर १६ मापाच्या टायरला एका किलोमीटरमध्ये ४३० च्या आसपास फेरे होतात, म्हणजे दर किलोमीटरला सोळा मीटर. लॉक मोकळा असताना हा फरक सेंटर डिफरेंशियलला अखंड फिरवत ठेवून झिजवतो, आणि लॉक असताना शाफ्टना पिळतो. टायर चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे असावेत; पुढचे-मागचे टायर आलटून-पालटून लावण्याचा आळस या गाडीत परवडत नाही.

गाडीखाली शिरलोच आहोत तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा बॉक्सकडचा दुहेरी जॉइंटही हाताने हलवून पाहावा. अनेक गाड्यांत त्याला ग्रीस भरण्याची सोय नसते. तो कोरडा पडून तुटला तर फिरता शाफ्ट गिअरबॉक्सचे आवरण फोडू शकतो. लॉकशी त्याचा थेट संबंध नाही, पण लॉकमुळे पडणारा जादा जोर त्याच जॉइंटमधून जातो.

लॉक लावण्याची रीत आणि पावसाळ्यातली निगा

चिखलात शिरण्यापूर्वी, गाडी सावकाश सरळ जात असताना आणि एकही चाक घसरत नसताना, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून लिव्हर सरकवावा. चाक फिरू लागल्यावर लॉक लावणे म्हणजे दात्यांवर घाव घालणे होय. दिवा लगेच लागला नाही तर दोन-चार मीटर तसेच जाऊ द्यावे. दाते जुळले की तो लागतो.

वापर नसला तरी महिन्यातून एकदा एखाद्या मातीच्या मैदानात लॉक लावून थोडे अंतर सरळ जावे आणि सोडावा. यासाठी गाडी किनाऱ्यावर नेऊ नये. गोव्यात तेथे वाहन नेण्यास बंदी आहे, आणि खारे पाणी खुंटीचे आणि कनेक्टरचे जे नुकसान करते ते दहा पावसाळेही करत नाहीत. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून परतल्यावर खुंटीभोवतीची माती ओली असतानाच साध्या पाण्याने धुवावी, सुकू द्यावी आणि सांध्यांना ग्रीस लावावे. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा थेट खुंटीच्या मुळावर किंवा स्विचवर मारू नये, त्याने पाणी आत ढकलले जाते.

एवढे सारे करूनही लॉक सुटत असेल, म्हणजे जोडणी खुंटीपासून पूर्ण सोडवलेली आहे, खुंटी पान्याने लॉकच्या खुणेवर नेलेली आहे, आणि तरीही चाकावर जोर देताच ती परत फिरते आहे, तरच दोष बॉक्सच्या आत आहे असे मानावे. त्या वेळी कारागिराला आधी गोळी आणि तिची स्प्रिंग काढून पाहायला सांगावे. ती बाहेरूनच निघते, आणि स्प्रिंग गंजून तुटलेली किंवा मऊ पडलेली असेल तर काम तेथेच संपते. स्प्रिंग ठीक निघाली तरच पुढचे हौसिंग उतरवून फोर्कची झीज आणि स्लीव्हच्या दात्यांच्या कडा तपासाव्यात, आणि दाते गोल झालेले असतील तर स्लीव्हबरोबर केसवरचे जोडीचे दातेही पाहून घ्यावेत.